किशोरवयीनांचे एचआयव्ही प्रतिबंधक शिक्षण : संस्कृती अडसर की साधन?

एड्स हा शब्द आज भारतीय समाजाला नवा राहिलेला नाही. १९९८-९९ मध्ये झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या वेळी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांनीच या रोगाचे नाव ऐकले होते. २००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात स्त्रियांमधील हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले. रेडिओ, दूरदर्शन, भिंतीवरील जाहिराती आणि शाळा-महाविद्यालयांतील कार्यक्रम यांचे हे फलित होते. मात्र नाव ऐकणे आणि रोग समजणे यांत मोठे अंतर असते. हे अंतर मोजण्यासाठी सर्वेक्षणात ‘समग्र ज्ञान’ असा एक निकष वापरला जातो. प्रत्येक वेळी निरोध वापरल्याने, तसेच संसर्ग नसलेल्या एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहिल्याने धोका कमी होतो. वरवर निरोगी दिसणारी व्यक्तीही बाधित असू शकते. आणि डास चावल्याने किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, या सर्व गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्यालाच समग्र ज्ञान आहे असे मानले जाते. या कसोटीवर २०१५-१६ मध्ये १५ ते ४९ वयोगटातील २०.९ टक्के स्त्रिया आणि ३२.३ टक्के पुरुष उतरले. २०१९-२१ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २१.६ आणि ३०.७ टक्के होते. म्हणजे मधल्या चार-पाच वर्षांत स्त्रियांच्या ज्ञानात नाममात्र वाढ झाली आणि पुरुषांचे ज्ञान काहीसे घटलेच.

नाव सर्वांना ठाऊक, पण अर्थ पाचांपैकी एकाच स्त्रीला ठाऊक, ही स्थिती का उद्भवली, हा केवळ आरोग्य खात्यापुरता प्रश्न नाही. ज्या वयात हे ज्ञान प्रथम मिळावयास हवे, त्या किशोरवयात ते कोणत्या भाषेत, कोणाच्या तोंडून आणि किती पूर्ण स्वरूपात मिळते, या प्रश्नापर्यंत तो जाऊन पोचतो.

साथ आणि तिचे आकडे

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नई, म्हणजे तेव्हाच्या मद्रास येथे झाले. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून ते पुढे आले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच नॅको, स्थापन झाली आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यानंतरचे टप्पे १९९९, २००७ आणि २०१२ मध्ये सुरू झाले. पाचवा टप्पा २०२१-२६ या कालावधीसाठी असून त्याकरिता सुमारे १५,४७२ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली.

विद्यार्थ्यांनी या संदर्भात २००७ हे वर्ष विशेष लक्षात ठेवावे. त्यापूर्वी देशात ५० लाखांहून अधिक बाधित असल्याचा अंदाज सांगितला जात असे. तो मुख्यतः प्रसूतीपूर्व तपासणी केंद्रे आणि गुप्तरोग दवाखाने येथील नमुन्यांवर आधारलेला होता. तिसऱ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रथमच एक लाखाहून अधिक सर्वसामान्य स्त्री-पुरुषांची रक्ततपासणी झाली आणि बाधितांचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. त्यावरून जुलै २००७ मध्ये देशाचा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणला गेला. रोग एका रात्रीत निम्मा झाला नव्हता, मोजमाप सुधारले होते. २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५.४४ लाख बाधित असून प्रौढांमधील प्रमाण ०.२० टक्के आहे. त्या वर्षी सुमारे ६८ हजार नवे संसर्ग झाले. २०१० च्या तुलनेत ही संख्या सुमारे ४४ टक्क्यांनी कमी आहे.

ज्ञान जागच्या जागी असताना संसर्ग कसे घटले, असा प्रश्न येथे स्वाभाविकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. या घटीचे मोठे श्रेय शालेय शिक्षणाला जात नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने मादक पदार्थ घेणारे, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांच्यापर्यंत थेट पोचणारे कार्यक्रम, आणि १ एप्रिल २००४ पासून सुरू झालेले मोफत औषधोपचार यांचा त्यात मुख्य वाटा आहे. मग किशोरवयीनांच्या शिक्षणावर खर्च का करावा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, लस घेतलेल्या बालकाचे संरक्षण त्याच्यासोबत मोठे होते, परंतु एका पिढीला दिलेले ज्ञान पुढच्या पिढीला आपोआप मिळत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वयोगटातील मुले-मुली सुमारे २५.३ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या भागाहून थोडी अधिक होती. हा गट दर दहा वर्षांनी संपूर्णपणे बदलतो आणि शिक्षणाचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. दुसरे कारण बाह्य परिणामांचे. एक संसर्ग टळल्याने केवळ त्या व्यक्तीचा आजार टळत नाही. तिच्या भावी जोडीदाराचा आणि अपत्याचा धोकाही टळतो, आणि शासनावरील आजन्म औषधोपचाराचा भार वाचतो. ज्या गोष्टीचा लाभ घेणाऱ्यापेक्षा समाजाला अधिक होतो, ती गोष्ट बाजार पुरेशी पुरवत नाही. खाजगी शिकवणीच्या जाहिरातीत हा विषय कधी दिसत नाही, याचे कारण हेच.

एकच पुस्तिका का पुरत नाही

०.२० टक्के ही देशाची सरासरी आहे आणि सरासरी अनेकदा फसवी असते. २०२३ च्या अंदाजात मिझोराममध्ये हे प्रमाण सुमारे २.७ टक्के, नागालँडमध्ये सुमारे १.४ टक्के, तर मणिपूरमध्ये ०.९ टक्क्यांच्या आसपास होते. आंध्र प्रदेश, तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्याकडे बाधितांची संख्या मोठी आहे. उत्तरेकडील अनेक राज्यांत प्रमाण अत्यल्प आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धोक्याची वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. ईशान्येत आणि पंजाबमध्ये सामाईक सुई हा मोठा मार्ग आहे. दख्खनच्या पठारावरील जिल्ह्यांत देहविक्रय, महामार्ग आणि हंगामी स्थलांतर यांचा संबंध आहे. उत्तर भारतातील खेड्यात तो कामासाठी मुंबई-सुरतेस गेलेल्या पुरुषाच्या परतीशी आणि त्याच्या अल्पवयीन पत्नीशी आहे.

त्यामुळे दिल्लीत तयार झालेली एक पुस्तिका बावीस भाषांत अनुवादित केली की शिक्षण संस्कृतीला अनुरूप झाले, असे होत नाही. भाषांतराने फक्त पहिली पायरी ओलांडली जाते, आणि तीही नीट ओलांडली जातेच असे नाही. मराठीत लैंगिक संसर्गाने होणाऱ्या रोगांना ‘गुप्तरोग’ म्हणतात. रोगाचे नावच तो लपवावा असे सुचवते आणि मग शासन त्याच नावाच्या पाटीखाली लोकांनी उघडपणे यावे अशी अपेक्षा करते. उलट १९६८ मध्ये कुटुंबनियोजनासाठी बाजारात आलेल्या ‘निरोध’ या शासकीय नाममुद्रेचे उदाहरण पाहावे. संस्कृतातून आलेला, अडवणे या अर्थाचा, कानाला न खटकणारा हा शब्द हिंदी-मराठीसह अनेक भाषांत सामान्यनाम होऊन बसला. योग्य शब्द सापडला तर लोक तो स्वीकारतात, हे पाच दशकांपूर्वीच सिद्ध झालेले आहे.

भाषेनंतरची पायरी वाहकाची. हे ज्ञान कोण सांगतो? शिक्षक, परिचारिका, मोठी बहीण, चर्चमधील युवक मंडळाचा प्रमुख की दूरचित्रवाणीवरील पात्र? आणि सर्वांत महत्त्वाची पायरी प्रश्नाची आहे. त्या गावातील, त्या वयाच्या मुलामुलींसमोर प्रत्यक्षात कोणता निर्णय उभा राहतो, हे ओळखूनच आशयाचा क्रम ठरला पाहिजे. शब्द, वाहक आणि प्रश्न हे तिन्ही स्थानिक असावेत, वैज्ञानिक आशय मात्र सर्वत्र पूर्ण असावा, असा संस्कृती-अनुरूप शिक्षणाचा अर्थ आहे. आपल्याकडील वाद झाला तो या अर्थाची उलटापालट झाल्यामुळे.

२००७ चा वाद

शैक्षणिक संस्थांतून एड्सविषयी बोलण्याची सुरुवात भारतात तशी लवकर झाली. राष्ट्रीय सेवा योजनेने १९९१ मध्येच विद्यापीठांसाठी एड्स संवादाचा कार्यक्रम हाती घेतला होता. शालेय स्तरावर २००५ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि नॅको यांनी ‘किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम’ व्यापक स्वरूपात आणला. त्यात शारीरिक बदल, जीवनकौशल्ये, व्यसने आणि एचआयव्ही प्रतिबंध असे घटक होते.

२००७ मध्ये त्यावर वादळ उठले. शिक्षकांसाठीच्या तक्त्यांमधील शरीररचनेची चित्रे आणि काही उपक्रम भारतीय संस्कृतीला अनुसरून नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी कार्यक्रम थांबवला. त्यांतील महाराष्ट्र आणि कर्नाटक ही राज्ये तेव्हा देशातील अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांत मोडत होती, ही बाब नजरेआड करता येत नाही. पुढे साहित्यात सुधारणा झाली. राज्यसभेच्या याचिका समितीकडेही हा विषय गेला आणि श्री. एम. व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. विवाहपूर्व संयमाचा संदेश द्यावा, आणि एचआयव्ही-एड्स व संबंधित प्रकरणे तत्कालीन अभ्यासक्रमातून काढून बारावीपर्यंतच्या उच्च माध्यमिक स्तरावर जीवशास्त्राच्या पुस्तकात घालावीत, असे तिचे मत होते.

या आक्षेपांकडे केवळ प्रतिगामी म्हणून पाहणे न्याय्य होणार नाही. आपल्या मुलांना काय, केव्हा आणि कोणी सांगावे यात पालकांचा शब्द असावा, ही अपेक्षा रास्त आहे. साहित्य केंद्रात तयार झाले, तक्ते थेट शाळेत पोचले, पालक-शिक्षक सभांत त्यांवर चर्चा झाली नाही, आणि ज्या शिक्षकांनी ते शिकवायचे त्यांचीच या विषयावर बोलताना जीभ अडखळत होती. सल्लामसलत आधी झाली असती तर चित्रे बदलता आली असती आणि कदाचित कार्यक्रम वाचला असता. संस्कृतीचा आक्षेप हा पुष्कळदा पद्धतीवरचा आक्षेप असतो, आणि पद्धत बदलणे नेहमीच स्वस्त पडते.

परंतु सुचवलेला उपाय आकडेवारीच्या कसोटीवर टिकत नाही. त्या काळात अकरावी-बारावीपर्यंत पोचणाऱ्या मुलामुलींचे प्रमाण प्राथमिक स्तराच्या मानाने निम्म्याहूनही कमी होते. त्यांतही जीवशास्त्र घेणारे केवळ विज्ञान शाखेचे. कला, वाणिज्य आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थी बाजूला राहिले. आठवीनंतर शाळा सोडून ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरातील हॉटेलात कामाला गेलेल्या मुलापर्यंत तर ते पुस्तक कधीच पोचणार नव्हते. ज्यांना धोका कमी त्यांना धडा आणि ज्यांना धोका अधिक त्यांना मौन, अशी ही वाटणी होती.

विवाहपूर्व संयमाच्या संदेशाचीही हीच मर्यादा. हा संदेश चुकीचा नाही, तो अपुरा आहे. तिसऱ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४७ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २३.३ टक्क्यांवर आले आहे, तरीही ते जवळपास चौथा हिस्सा आहे. सोळाव्या वर्षी विवाह झालेल्या, पतीव्यतिरिक्त कोणाशीही संबंध नसलेल्या मुलीने संयम पूर्णपणे पाळलेला असतो. तिचा धोका पतीच्या पूर्वायुष्यातून आणि त्याच्या स्थलांतरातून येतो. विवाहाला सुरक्षिततेची हमी मानणारा धडा तिला खोटा दिलासा देतो. तिला हवी असते ती तपासणीची माहिती, पतीशी हा विषय काढण्याचे धैर्य आणि त्या संवादासाठी घरात चालेल अशी भाषा. संस्कृती-अनुरूप शिक्षणाची खरी गरज या ठिकाणी आहे.

गोष्ट, गाडी आणि फुटबॉल

शाळेबाहेर याच काळात काही वेगळे प्रयोग झाले. २००२ मध्ये दूरदर्शनवर ‘जासूस विजय’ ही मालिका सुरू झाली. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट, दूरदर्शन आणि नॅको यांचा तो संयुक्त उपक्रम होता. खेड्यापाड्यांतील गुन्ह्यांचा छडा लावणारा तिचा नायक स्वतः एचआयव्हीसह जगणारा होता. आरोग्याचे व्याख्यान ऐकण्यास जो प्रेक्षक बसला नसता, तो खुनी कोण हे जाणण्यासाठी बसला, आणि बाधित माणूस हुशार, कामसू व आपल्यासारखाच असू शकतो हे त्याने सहज स्वीकारले. त्याआधीच्या अनेक जाहिराती कवट्या आणि सापळे दाखवून भय निर्माण करीत होत्या. भयाचे परिणाम देशाने पाहिलेले होते. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा यांना केवळ बाधित असल्याच्या कारणावरून तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली दोन महिन्यांहून अधिक काळ एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात डांबून ठेवण्यात आले होते.

१ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून निघालेली रेड रिबन एक्स्प्रेस हा दुसरा प्रयोग. वर्षभरात या गाडीने सुमारे २७ हजार किलोमीटरचा प्रवास करीत सुमारे १८० स्थानकांवर मुक्काम केला. गाडीत प्रदर्शन आणि समुपदेशन होते, आणि स्थानकापासून आजूबाजूच्या गावांत लोककलापथके जात. कार्यक्रम स्थानिक बोलीत आणि स्थानिक कलाप्रकारांत होत. पुढे नॅकोने लोककला मोहिमांसाठी कलावंतांच्या कार्यशाळा घेऊन संहिता तपासून घेण्याची पद्धत ठेवली. ती आवश्यकही होती, कारण तमाशा असो की तेरुक्कूत्तू, लोककलेत उत्स्फूर्ततेला वाव असतो, आणि हशा मिळवण्याच्या ओघात बाधितांचीच चेष्टा होण्याचा संभव असतो.

ईशान्येत २०१० च्या सुमारास वेगळी वाट धरण्यात आली. नागालँड, मिझोराम, मणिपूर येथील तरुणांना ज्या दोन गोष्टींचे वेड, त्या संगीत आणि फुटबॉल यांच्या जिल्हा व राज्य पातळीवरील स्पर्धांभोवती एचआयव्ही प्रतिबंधाची मोहीम उभी केली गेली. चर्चमधील युवक मंडळांना तिच्यात सामील करून घेण्यात आले. हिंदीतील पोस्टरपेक्षा स्थानिक बँडच्या गाण्याला तेथे अधिक श्रोते मिळणार, हे उघड होते.

तरीही मिझोरामचे उदाहरण अभ्यासकाला थबकायला लावते. २०११ च्या जनगणनेनुसार ९१ टक्के साक्षरता, प्रत्येक वस्तीत चर्च, आणि १९३५ पासून काम करणारी, जवळजवळ प्रत्येक घरात सदस्य असलेली यंग मिझो असोसिएशनसारखी संघटना, एवढी सामाजिक भांडवलाची श्रीमंती असलेले राज्य आज देशात सर्वाधिक प्रादुर्भावाचे आहे. विश्वासू वाहक असणे पुरेसे नाही, असा याचा अर्थ होतो. ज्या संस्था व्यसनाविरुद्ध कठोर मोहिमा चालवतात त्यांच्यासमोर सुई वापरणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने आपली अडचण कशी मांडावी? जिव्हाळ्याच्या समाजात लाज लपवण्याचे दडपणही अधिक असते.

शेजारच्या मणिपूरने १९९६ मध्येच स्वतःचे राज्य एड्स धोरण जाहीर केले आणि व्यसन पूर्ण सुटेपर्यंत निदान सुई स्वच्छ असावी, या हानी-न्यूनीकरणाच्या तत्त्वाला मान्यता दिली. तेथे सुईने मादक पदार्थ घेणाऱ्यांमधील बाधितांचे प्रमाण १९९८ च्या सुमारास सत्तर टक्क्यांच्या पुढे होते. २००७ पर्यंत ते वीस टक्क्यांच्या खाली आले. या घटीत अनेक कारणांचा वाटा असेल, मृत्यूंचाही असेल. परंतु समाजाला न आवडणारे सत्य समाजाच्याच भाषेत बोलले गेले, हा दोन राज्यांमधील फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जुलै २०२४ मध्ये त्रिपुरात ८२८ विद्यार्थी बाधित आढळल्याचे वृत्त देशभर पसरले. हा आकडा एका वर्षाचा नसून एप्रिल २००७ ते मे २०२४ या सतरा वर्षांचा एकत्रित होता, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. आकडा वाचताना त्याचा कालावधी पाहावा, हा धडा तर यात आहेच. पण कालावधी लक्षात घेऊनही, सुईने मादक पदार्थ घेण्याचा प्रश्न तेथील शाळा-महाविद्यालयांच्या आत पोचला आहे, ही वस्तुस्थिती उरतेच. ज्या अभ्यासक्रमात सुईचा उल्लेख एका ओळीत येतो, तो त्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

आशयाचे मोल : केनियातील एक प्रयोग

आशय बदलल्याने किशोरवयीनांचे वर्तन खरोखर बदलते काय, याविषयी अर्थशास्त्रात एक महत्त्वाचा प्रयोग नोंदलेला आहे. पश्चिम केनियातील ३२८ प्राथमिक शाळांत झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष पास्कलीन दुपा यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील अधिकृत अभ्यासक्रमाचा भर विवाहापर्यंतच्या संयमावर होता. त्यासाठी काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले, परंतु किशोरवयीन मुलींच्या गर्भधारणेत त्यामुळे लक्षणीय फरक पडला नाही. या शाळांपैकी ७१ शाळांत आठवीच्या विद्यार्थ्यांना सुमारे ४० मिनिटांच्या एकाच भेटीत वयोगटानुसार आणि लिंगानुसार बाधितांचे प्रमाण सांगण्यात आले. समवयस्क मुलापेक्षा पैसे आणि भेटवस्तू देणाऱ्या प्रौढ पुरुषाकडून धोका कितीतरी अधिक आहे, हे त्यातून मुलींना आपोआप उमगले. या शाळांतील किशोरवयीन गर्भधारणा वर्षभरात २८ टक्क्यांनी कमी आढळल्या, आणि ही घट मुख्यतः प्रौढ पुरुषांपासून होणाऱ्या गर्भधारणांत होती. गर्भधारणा हे असुरक्षित संबंधांचे निदर्शक मानून हे मोजमाप केले होते.

केनियाचे आकडे भारतात उचलून आणण्यात अर्थ नाही. तेथे बाधितांचे प्रमाण अनेक पटींनी अधिक होते आणि येथे किशोरवयीन मुलीचा प्रौढ जोडीदार बहुधा तिचा पतीच असतो. घेण्यासारखी आहे ती रीत. मुलींना ‘करू नका’ असे सांगण्याऐवजी त्यांच्याच परिसरात कोणता धोका किती मोठा आहे हे सांगितले गेले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला गेला. ऐजॉलमध्ये हा तुलनात्मक धोका सुईचा असेल, बिहारमधील स्थलांतरितांच्या गावात तो न तपासलेल्या पतीचा असेल, आणि सोलापूर-सांगली पट्ट्यात आणखी वेगळा असेल. जिल्हानिहाय माहिती आज उपलब्ध आहे. ती वर्गापर्यंत पोचत नाही.

आजची चौकट आणि तिच्यातील रिक्त जागा

७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावपातळीवर ‘साथिया’ नावाचे समवयस्क शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. शाळा सोडलेल्या आणि विवाहित किशोरींपर्यंत पोचण्याची ही यंत्रणा असल्याने तिचे महत्त्व मोठे. आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाचा अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अकरा घटकांत प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा एक स्वतंत्र घटक असून, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षित करावयाचे आहेत. मुलींशी शिक्षिकेने आणि मुलांशी शिक्षकाने बोलावे ही साधी सोय २००५ मध्ये नीट झाली असती, तर त्यानंतरचे अनेक वाद कदाचित उद्भवलेच नसते. वर्गात विचारता न येणाऱ्या शंकांसाठी १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

कायद्यानेही आता दिशा दाखवली आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार शासनाचे शिक्षण व संवाद कार्यक्रम पुराव्यावर आधारित, वयानुरूप, लिंगभाव-संवेदनशील आणि कलंक न लावणारे असले पाहिजेत. संस्कृती-अनुरूप हा शब्द या यादीत नाही, परंतु वयानुरूप आणि कलंकमुक्त या दोन अटी स्थानिक भाषा व संदर्भ जाणल्याशिवाय पूर्ण होणे कठीण आहे. दुसरीकडे २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी शरीरसंबंध हा गुन्हा असून तो कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालकांच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यकच. पण सतरा वर्षांची मुलगी सल्ल्यासाठी आली तर समुपदेशकाने काय करावे, हा पेच त्यातून निर्माण होतो आणि मुलगी येतच नाही. या दोन कायद्यांचा मेळ कसा घालावा, याचे स्पष्ट मार्गदर्शन आरोग्यदूत शिक्षकाला मिळणे गरजेचे आहे.

आणखी एक बाब शैक्षणिक साहित्य तयार करणाऱ्यांच्या ध्यानी बहुधा येत नाही. ते एचआयव्हीविषयी लिहितात ते वर्गातील सर्व मुले संसर्गमुक्त आहेत असे गृहीत धरून. बालकांसाठी राष्ट्रीय पातळीवर औषधोपचार २००६ च्या अखेरीस सुरू झाले. जन्मतः संसर्ग झालेली अनेक मुले त्यामुळे जगली, मोठी झाली आणि शाळेत बसू लागली. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली ठेवले तर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही, हे आता विज्ञानाने प्रस्थापित केले आहे. तरीही कित्येक तक्त्यांवर एड्स म्हणजे मृत्यू हे समीकरण कायम आहे. २०१७ च्या अधिनियमात एक कलम असे आहे की, एचआयव्हीग्रस्त कुटुंबाचा कारभार सांभाळणारे, पुरेशी समज असलेले बारा ते अठरा वर्षांचे भावंड आपल्या लहान भावंडांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँकखाते अशा कामांत सही करू शकते. हे कलम लिहावे लागले, कारण अशी घरे देशात आहेत. त्या घरातील तेरा वर्षांची मुलगी सकाळी धाकट्याला औषध देऊन, त्याच्या प्रवेशअर्जावर पालक म्हणून सही करून वर्गात येते आणि आरोग्यदूत शिक्षिका एचआयव्हीचा धडा उघडतात, तेव्हा तो धडा तिच्यासमोरही वाचला जात असतो.